हँडहेल्ड पोर्ट म्हणजे ‘कापलेला ओरिजनल’? जरा थांबा

सध्या एक दावा जो तो पुढे ढकलतोय. थोडक्यात असा की जुन्या कन्सोल गेमचे हँडहेल्डवर (हातात धरून खेळायच्या मशीनवर) आलेले पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी पुन्हा केलेल्या आवृत्त्या, म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा. रंग धुतलेले, स्क्रीन कापलेली, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, मशीनमध्येच दम नाही, वर भरीला टाकलेला एक्स्ट्रा माल, तेव्हा खेळायचं तर ओरिजनलच. यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, एक अर्धा. बाकीचं वाचून वाटतं की लिहिणाऱ्याने हे पोर्ट त्यांच्या मशीनवर कधी खेळलेच नाहीत, कॉम्प्युटरवर दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावले आणि निकाल देऊन मोकळा.

आधी रंग, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडतात. सुपर मारिओ वर्ल्ड किंवा डाँकी काँग कंट्रीचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा (निन्टेंडोचं हँडहेल्ड, पुढे नुसतं जीबीए) पोर्ट मॉनिटरवर बघितला तर खरंच फिकट दिसतो, कोणीतरी वरून खडू फासल्यासारखा. पण 2001 चा पहिला जीबीए हातात घेतलाय का कधी? त्याच्या स्क्रीनला लाइटच नव्हता, ना मागून ना पुढून. खिडकीपाशी नाहीतर दिव्याखाली बसायचं, मशीन थोडं तिरपं धरायचं, बल्बचं प्रतिबिंब चुकवायचं आणि मग खेळायचं. तोच फिकट मारिओ मी त्या स्क्रीनवर लावून बघितला तर आकाश निळं दिसतं आणि गवत हिरवं, बस. उलट जीबीएसोबतच आलेला कॅसलव्हेनियाचा सर्कल ऑफ द मून बघा, तो कुठला पोर्ट नाही, नवा गेम, पण गडद रंगात केलेला, आणि त्या स्क्रीनवर अंधारात समोरचा शत्रू शोधायला डोळे फोडून घ्यावे लागायचे. म्हणजे रंग उजळ केले ते निष्काळजीपणाने नाही, स्क्रीन ओळखून केले. लाइटवाला जीबीए एसपी 2003 मध्ये आला.

आणि गंमत म्हणजे ज्याला हे लोक ओरिजनल म्हणतात तोही ओरिजनल नसतो. सुपर निन्टेंडो, म्हणजे या मारिओचा मूळचा टीव्हीला जोडायचा कन्सोल, चित्र काढायचा 256 बाय 224 चं आणि जुना टीव्ही ते आडवं ताणून 4:3 करायचा, त्यामुळे स्क्रीनशॉटमधला मारिओ टीव्हीवरच्या मारिओपेक्षा बारीक दिसतो. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या सॉनिकचे धबधबे तर उभ्या रेघांचे आहेत, एक रेघ पाण्याची, एक मोकळी, साध्या व्हिडिओ केबलमधून ते एकमेकांत मिसळायचं आणि पाणी आरपार दिसायचं. आताच्या शार्प स्क्रीनवर तिथे कंगवा दिसतो. आता सांगा, कुठल्या ओरिजनलशी तुलना करायची?

स्क्रीन कापल्याचा मुद्दा अर्धा खरा. जीबीएची स्क्रीन 240 बाय 160. म्हणजे 16 पिक्सेलचा एक चौकोन धरला तर सुपर निन्टेंडोवर 16 आडवे आणि 14 उभे, जीबीएवर 15 आडवे आणि 10 उभे. रुंदीत फक्त एक गेला! मारिओसारख्या आडव्या पळणाऱ्या गेममध्ये समोरून काय येतंय ते जवळपास तेवढंच दिसतं, झळ बसते ती उंचीला, उंच चढायचं असलं किंवा वरून खाली उडी घ्यायची असली की. खरी कापाकापी बघायची तर त्याच्या आधीची बघा, 1999 चा सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स, गेम बॉय कलरवरचा. तिथे 16 च्या जागी 10 चौकोन. पळता पळता खड्डा समोर येतो तेव्हा उडी मारायची वेळ निघून गेलेली असते. त्या गेमबद्दल मी वाद घालणार नाही, बाकी कितीही गोडीने भरलेला असला तरी.

बटणांची रड एका वाक्यात संपते, चारची दोन झाली हे खरं, पण मारिओला उडी आणि पळणं एवढंच लागतं, गिरकीची उडी कडेच्या आर बटणावर टाकली, काम झालं.

आवाज. इथे हात वर. सुपर निन्टेंडोत आवाजासाठी वेगळा प्रोसेसर होता, 8 चॅनल, स्वतःची 64 केबी मेमरी. जीबीएकडे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) वाजवायला दोन 8 बिट चॅनल आणि जुन्या गेम बॉयचे चार, बाकी सगळं मिक्सिंग मुख्य सीपीयूच्या डोक्यावर, तो गेमही चालवतोय आणि तबलाही वाजवतोय. फायनल फँटसी 6 मधला ऑपेराचा सीन दोन्हीवर ऐका, जीबीएवर त्यात खरखर आहे आणि वाद्यं दबलीत. हा तोटाच, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. फक्त डाँकी काँग कंट्री 3 च्या पोर्टला संगीतकार डेव्हिड वाइजने अख्खं नवीन संगीत दिलं तेही ऐका, म्हणजे त्या मशीनसाठी मुद्दाम लिहिलं तर काय होतं ते कळेल.

मग ‘मशीनमध्ये दमच नव्हता’ याचं काय? पुरावा म्हणून हमखास 2006 चा सॉनिकचा जीबीए पोर्ट दाखवतात. भिकार आहे तो, अडखळतो, सॉनिक पळायच्या ऐवजी चिखलातून चालल्यासारखा वाटतो. पण मेगा ड्राइव्हचा मुख्य प्रोसेसर साधारण 7.6 मेगाहर्ट्झचा आणि जीबीएचा 16.78 चा, तोही 32 बिट. त्याच जीबीएवर 2001 मध्येच सॉनिक अ‍ॅडव्हान्स सुसाट पळत होता की! नंतर एका हौशी प्रोग्रॅमरने पहिल्याच सॉनिकचा नमुना जीबीएवर स्वतः लिहून चालवून दाखवला, तोही नीट पळतो. म्हणजे खापर मशीनवर फोडण्यात अर्थ नाही, काम कोणी आणि किती मन लावून केलं यावर सगळं ठरलं. योशीज आयलंडचं बघा, ओरिजनलच्या कार्ट्रिजमध्ये सुपर एफएक्स 2 नावाची जादा चिप होती, जीबीएने ती नसताना तो गेम चालवला, वर सहा नवीन लेव्हल.

राहिला भरीचा माल. मारिओ वर्ल्डमध्ये लुइजी आधी नुसता हिरवा मारिओ होता, पोर्टमध्ये त्याची उडी वेगळी झाली, शिवाय ठरावीक लेव्हल संपायची वाट न बघता मॅपवर कुठेही सेव्ह करता येतं, प्रवासात हे किती कामाचं ते वेगळं सांगायला नको. पण माझा आवडता किस्सा पुन्हा फायनल फँटसी 6 चाच. 1994 च्या ओरिजनलमध्ये एक बग आहे, शत्रूचा वार चुकवायचा जो इव्हेड आकडा मेनूत दिसतो तो काहीच करत नाही, तलवार असो की जादू, सगळा हिशोब मॅजिक इव्हेडवर, म्हणजे जादू चुकवायच्या आकड्यावर चालतो. म्हणजे आकडा बघून बघून जपून चढवलेल्या त्या ढाली निम्म्या शोभेच्याच होत्या. 2006 च्या पोर्टमध्ये हे दुरुस्त केलं, नवीन एस्पर (मदतीला बोलवायचे जादुई जीव) आणि अख्खं डंजन (शत्रूंनी भरलेला भुलभुलैया) वेगळंच. आता माझ्याकडे साधी वाटणी आहे, ऑपेरा ऐकायचा मूड असला की सुपर निन्टेंडोवरचा सेव्ह उघडतो, आणि गेम पहिल्यापासून शेवटापर्यंत खेळायचा असला की जीबीए.