पासामाक्वोडी गाण्यांबद्दल खुलासा

‘पासामाक्वोडी लोकांची १८९० मधली गाणी आता नेटवर आली आहेत, म्हणजे कुणीही घ्या, कुठेही वापरा,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पासामाक्वोडी ही अमेरिकेतल्या मेन राज्यातली मूळनिवासी जमात. मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी तिथेच मेणाच्या नळकांड्यांवर हे आवाज टिपले. त्यांतल्या ३१ उरल्या. गाणाऱ्यांच्या वंशजांच्या हाती या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेट पडायला १९८० चं दशक उजाडलं! लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या नळकांड्या अलीकडे डिजिटल केल्या, तेव्हा मात्र काय खुलं ठेवायचं हे जमातीने ठरवलं. काही ध्वनिमुद्रणं मुद्दाम बंद ठेवली आहेत. जी ऐकता येतात, त्यांच्या नोंदींसाठी जमातीने स्वतःच्या भाषेत, वापर कसा करावा हे सांगणारी लेबलं केली. त्यातलं एक सांगतं, ‘हे विकायचं नाही.’ कृपया ती लेबलं वाचल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नका.