‘एक गेट सोडून बाकी सगळं कुलूपबंद’ हा मेसेज पुढे ढकलणं थांबवा

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या ‘सुरक्षित शाळेचे पाच नियम’ फिरताहेत. माझ्या बहिणीने तो मेसेज शाळेला पाठवला आणि अंमलबजावणी करा म्हणून मागेही लागली. म्हणून एकेक नियम तपासू.

पहिला नियम सगळ्यांत घातक. शाळा भरली की एक गेट सोडून बाकी दारांना कुलूप घाला, म्हणजे परका माणूस आत येणार नाही.

परक्याची भीती खोटी नाही, एवढं मान्य. पण बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता, त्याला कुठलं कुलूप अडवणार होतं? आणि बाहेरच्याला आत येऊ न देणं वेगळं, आतल्या मुलांना कोंडणं वेगळं. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनात मांडवाला आग लागली. बाहेर पडायला वाट एकच होती. ४०० हून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं.

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत जिन्याच्या तळाशी जाळीचं सरकतं शटर असतं. मधल्या सुट्टीनंतर ते अर्धं ओढून घेतात, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई झेरॉक्स आणायला बाहेर. वरून शंभर मुलं रेटत आली की त्या दाबाने पट्ट्या खाचेत अडकतात. मग कुलूप नसलं तरी शटर बाजूला सरकत नाही. म्हणून शाळा भरण्याआधी ते पूर्ण उघडून भिंतीशी साखळीने बांधा, शेवटचं मूल जाईपर्यंत. मागच्या गेटला आतून ढकलली की उघडणारी आडवी पट्टी, म्हणजे पॅनिक बार, बसवा आणि गेट उघडताच वाजणारी घंटा लावा. बाहेरून उघडणार नाही, आणि मूल गुपचूप निसटणार नाही.

‘अग्निशामक सिलिंडर लावला की काम झालं.’ सहा किलोचा पावडरचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. पिन काढून ज्वाळेच्या मुळावर मारायचा, हे किती शिक्षकांनी करून पाहिलंय? काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला बघावं लागतं.

‘भूकंपात बाकाखाली नको, बाकाशेजारी झोपा.’ चूक. आरसीसी इमारतीत पंखे, काचा, कपाटं अंगावर पडून जास्त इजा होते. बाकाखाली शिरायचं, बाकाचा पाय धरून ठेवायचा. तळमजल्यावर दाराशीच असलेल्याने मोकळ्यावर पळावं, इतपत सूट.

‘बातमी कळताच पालकांनी गाडी काढावी.’ कृपा करून नको! सदाशिव पेठेतल्या गल्लीत दुहेरी लावलेल्या दुचाकींमधून अग्निशमन बंब कसा जाणार? शाळेने आधीच एक दूरचं मैदान ठरवून कळवावं आणि मूल फक्त नोंदवलेल्या व्यक्तीच्याच ताब्यात, सही घेऊन द्यावं.

शेवटचा नियम म्हणे ‘ड्रिलमध्ये अभ्यास बुडतो’. ड्रिल म्हणजे संकटात इमारतीबाहेर पडायचा सराव. आधी तारीख सांगून, सगळे जिने मोकळे ठेवून केलं तर बुडतोच. न सांगता करा, एक जिना मुद्दाम बंद ठेवा. त्या दिवसाचं हजेरीपत्रक बाईंच्या हातात हवं, कारण मोजणी पटावरच्या आकड्याशी नाही, त्या दिवशी हजर असलेल्यांशी जुळवायची. शौचालय आणि प्रयोगशाळा बघायला एक माणूस आधीच नेमलेला हवा. तिथली मुलं वर्गाच्या रांगेत नसतात.