चोर सोडून संन्याशाला शूऽऽ

गेल्या गुरुवारी माद्रिदमधल्या एका छोट्याशा हॉलमध्ये, पन्नास-साठ लोकांच्या देखत, एका पोराने माझ्या तोंडावर बॅटरी मारली आणि मला गप्प बसायला सांगितलं. मी एक अक्षरही बोललो नव्हतो. हे लिहून काढतोय, कारण बायकोने दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर मिक्सर लावला.

सिनेमा होता 'ग्रितोस एन ला नोचे', म्हणजे 'रात्रीच्या किंकाळ्या'. १९६२चा, कृष्णधवल. स्पेनचा पहिला खराखुरा भयपट म्हणून इथे त्याचं नाव घेतात. दिग्दर्शक जेसुस फ्रांको. त्या काळात देशाला घाबरवणारे दोन फ्रांको होते: एक हुकूमशहा जनरल फ्रांको, आणि दुसरा हा. हा निदान तिकीट लावून घाबरवायचा. माझं स्पॅनिश तीन वर्षांचं. कांदे घेता येतात, घरमालकाशी भांडता येतं, पण भांडणात जिंकता येत नाही. स्पॅनिश सिनेमाला स्पेनमध्ये सबटायटल्स कोण देणार? म्हणून जरा पुढची खुर्ची धरली, आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

शेजारी एक आजोबा येऊन बसले. ऐंशीला टेकलेले, गळ्यात मफलर, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडी. या बियांना इथे 'पिपास' म्हणतात. दातांत धरायची, कट्कन फोडायची, आतला गर खायचा आणि टरफल थुंकायचं. आपल्याकडे नाटकाला कॅरीबॅग कुरकुरवणाऱ्या मावश्या असतात. त्यांच्यावर मी पूर्वी फार चिडायचो. त्यांची इथून हात जोडून माफी मागतो.

"पहिल्यांदाच बघतोस, इहो?" आजोबांनी विचारलं. इहो म्हणजे बाळा.

मी म्हटलं, "सी." माझ्या तोंडून त्या संध्याकाळी निघालेला हा एकमेव शब्द, आणि तोही दिवे मालवण्याआधी. याची नोंद व्हावी.

"मी बासष्ट सालीच पाहिलाय! थोरल्या भावाचा कोट घालून, वय वाढवून!" आणि पडद्यावर पहिली बाई झिंगत झिंगत घरी निघाली तशी माझ्या कानात म्हणाले, "आता कपाट उघडेल. कपाटात मोर्फो आहे."

कपाट उघडलं. कपाटात मोर्फो होता.

इथे गोष्ट सांगून टाकतो, नाहीतरी मला ती आधीच सांगण्यात आली होती. डॉक्टर ओर्लोफच्या मुलीचा चेहरा आगीत जळालाय. बाप रात्रीच्या नाचगाण्याच्या ठिकाणी जाऊन देखण्या बायका हेरतो, गोड बोलून आणतो आणि त्यांची कातडी मुलीच्या तोंडाला लावू पाहतो. हाताशी हा मोर्फो: आंधळा, पण डोळे सताड उघडे, शर्टाच्या बटणांसारखे. आता दुसऱ्याची कातडी आपलं शरीर झिडकारतं, आणि ते झिडकारणं टाळता येतं का यावरच्या कामासाठी शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांना १९६०मध्ये नोबेल मिळालं होतं, सिनेमाच्या दोन वर्षं आधी. पण गोष्ट घडते १९१२मध्ये, त्यामुळे डॉक्टरला माफ आहे. दिग्दर्शकाला नाही. आणि घडते ती फ्रान्समध्ये, कारण स्पॅनिश वाड्यात स्पॅनिश डॉक्टर असले धंदे करतो हे त्या राजवटीच्या सेन्सॉरला कसं रुचणार? पाप नेहमी शेजारच्या गावातलं. पैसे कमी होते म्हणून अंधार भरपूर आहे, आणि खरं सांगू, तो अंधारच सिनेमाला तारतो. ओर्लोफ झालेला हॉवर्ड वर्नन नुसता टोपी काढून मान लववतो तेव्हा मानेवर काटा येतो. म्हणजे आला असता.

कारण माझ्या मानेवर आजोबा होते. "ही मरणार." कट्. "ही नाही मरणार, हिला अजून वेळ आहे." कट्. "आता बघ हं, मुलगी आणि ही नाचणारी, दोघी एकच नटी! दियाना लोरिस!" मधेच त्यांनी मला बोलण्याचं कारणही सांगितलं. त्यांच्या तरुणपणी मोहल्ल्यातल्या थेटरात खेळ अखंड चालायचे. एका तिकिटात दोन सिनेमे, कधीही आत शिरा, अर्ध्यातून बघा, पुढचा खेळ लागला की राहिलेला अर्धा बघा. मग उशिरा आलेल्याला शेजाऱ्याने मागची गोष्ट सांगायची, ही रीतच होती. माणुसकीच ती. फक्त मी उशिरा आलो नव्हतो, आणि ते मागची नाही, पुढची गोष्ट सांगत होते.

मी काय करणार? आपल्यात वडीलधारं माणूस बोलायला लागलं की मान डोलवायची सवय असते. मी डोलवली. तिथेच फसलो. मागून पाहणाऱ्याला काय दिसत असेल? एक घोगरा आवाज येतोय आणि एक डोकं हलतंय.

"शूऽऽ!" मागून आलं. मी ओशाळून वळून पाहिलं. ही दुसरी चूक. आता आवाजाला चेहराही मिळाला.

गंमत म्हणजे नेमका तेव्हाच पडद्यावर इन्स्पेक्टर साक्षीदारांना बसवून संशयिताचं चित्र काढून घेत होता. एक म्हणतो असा, दुसरा म्हणतो छे, तसा. कुणाचं कुणाशी जुळेना. मग इन्स्पेक्टरच्या डोक्यात प्रकाश पडतो: हे एका माणसाचं वर्णन नाहीच, माणसं दोन आहेत! अख्ख्या सिनेमात त्या गृहस्थाने दाखवलेली ही एवढीच हुशारी. पुढे स्वतःच्या वाग्दत्त वधूने, म्हणजे त्याच नाचणारीने, जिवावर उदार होऊन पाठवलेली चिठ्ठीसुद्धा तो वेळेवर वाचत नाही. पण तेवढी हुशारीही आमच्या हॉलमध्ये कुणापाशी नव्हती. आवाज एकाचा आणि तोंड दुसऱ्याचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग बॅटरी आली. "सेन्योर, कृपया. लोकांना त्रास होतोय."

मी आजोबांकडे बघितलं. आजोबा पडद्याकडे बघत होते, मोर्फोसारखे, डोळे सताड उघडे.

राग कशाचा आला सांगू? आजोबांचा आवाज अस्सल माद्रिदचा होता. 'थ' आणि 'स' जिथल्या तिथे. तो उच्चार जमावा म्हणून मी तीन वर्षं आरशासमोर जीभ दातांत धरून बसतोय. क्लासच्या बाईंनी एकदाही बरं म्हटलेलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माझा आहे असं लोकांना वाटलं, ते मला गप्प करायला! एरवी माझ्या पहिल्या शब्दाला 'तुम्ही कुठले?' विचारणारे हे लोक. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. अंधारात चेहरा तेवढा दिसला आणि तो पुरला. "मी बोललोच नाही हो" हे वाक्य मला येतं, पण "मी बोललो असतो तर असं बोललो असतो का?" याला जे क्रियापद लागतं ते आमच्या वर्गात अजून झालेलं नाही.

मला शेवटच्या रांगेत बसवलं. पुढ्यात खांब. खांबाच्या डावीकडून वाडा दिसायचा, उजवीकडून पळणाऱ्या बायका. पाचेक मिनिटं शांततेत गेली. मग पुढच्या रांगेतून आजोबा अर्धे वळले आणि भर हॉलमध्ये ओरडले, "इहो! डॉक्टरला मोर्फोच मारणार!"

हॉल हसला. कौतुकाने हसला. बॅटरीवालं पोरगंसुद्धा हसलं. आजोबा ते आजोबाच.

बाहेर पडताना दाराशी ते त्या पोराचा हात धरून उभे होते. मला वाटलं, आता खरं सांगतील. म्हणाले, "त्याला रागावू नकोस रे. बिचाऱ्याला सवय नाही. त्यांच्याकडे सिनेमात सगळे बोलतात ना."

पोराने समजूतदारपणे मान डोलवली. मीही डोलवली. सवय!

मेट्रोत तिकीट काढायला कोटाच्या खिशात हात घातला. कोट खुर्चीच्या हातावर ठेवला होता, आजोबांच्या बाजूच्या. खिसा टरफलांनी शिगोशिग भरलेला होता.