राणीच्या बागेतलं ते दार: 'लालबागकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

लालबागकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण त्यातलं निम्मं पटलं आणि निम्मं अजिबात पटलं नाही. घाईत लिहिलं असतं तर पटलेलंही भांडणात वाहून गेलं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुंबई कलासंग्रहालयांच्या आणि कलामहोत्सवांच्या वाटेने बघावी, असा माझा लेख होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: "मुंबई लोकलमध्ये, चाळीत, नाक्यावर असते. म्युझियम म्हणजे साहेबाने मांडून ठेवलेला माल, आणि तुमचे फेस्टिव्हल म्हणजे पैसेवाल्यांची जत्रा. माझे वडील तीस वर्षं गिरणीत होते. राणीच्या बागेत आम्ही शंभरदा गेलो, त्या म्युझियममध्ये एकदाही शिरलो नाही. दारावरची नजरच सांगते, ती जागा आपली नाही. चित्रांतही गिरणगाव नाही. काही बिघडलं नाही."

पटलं ते आधी. 'दोन सुट्ट्यांत मुंबई समजून जाते' असं वाक्य माझ्या लेखात होतं. ते चूक होतं, काढून टाकलं आहे. दुसरं, दारावरच्या नजरेचं. फोर्टमधल्या एका गॅलरीचा जिना मी आणि माझा मामा बरोबरीने चढत होतो. मामा गिरणीतून निवृत्त झालेला, पायात चपला, हातात कापडी पिशवी. रखवालदाराने त्याला विचारलं, "काय पाहिजे?" मला नाही विचारलं. मामा तिथूनच मागे वळला. म्हणाला, तू बघून ये, मी खाली चहा घेतो. त्या दिवशी मीही वर गेले नाही. तेव्हा 'ती जागा आपली नाही' असं तुम्ही लिहिता तेव्हा ते कुठून येतं हे मला ठाऊक आहे. त्याला मनाचे खेळ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

पण दारावर कोणी अडवलं म्हणून आतलं सगळं त्याच्या नावावर करून टाकायचं? इथे मी तुमच्याशी भांडणार आहे. आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमबद्दल तर जोरात.

त्याला आज नाव आहे डॉ. भाऊ दाजी लाड यांचं. १९७५पर्यंत ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, म्हणजे पाटी साहेबाचीच होती, हे खरं. पण ते उभं राहावं म्हणून खटपट केली कोणी? भाऊ दाजी गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, शिलालेख वाचणारे, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले. ते आणि जगन्नाथ शंकरशेट, दोघेही जॉर्ज बर्डवुड या इंग्रज डॉक्टरांबरोबर या म्युझियमच्या समितीत होते आणि त्यांनी लोकांकडून वर्गणी उभी केली. पायाभरणी १८६२ची, दार उघडलं १८७२ला. मधल्या दहा वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ला ते युद्ध संपताच इथले सटोडिये धुळीला मिळाले. गिरणगाव ज्या कापसातून पुढे वाढलं, त्याच कापसाच्या गोष्टीत ही इमारत बांधली जात होती. तुमचं घर आणि ते म्युझियम यांच्यात अंतर वाटतं तेवढं नाही.

शिवाय ज्या जत्रेला तुम्ही नावं ठेवलीत, तिच्यातूनच हे म्युझियम जन्मलं आहे. १८५५ला पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिकडे पाठवायला इथला कच्चा माल आणि कारागिरीच्या वस्तू गोळा झाल्या, आणि त्यांचेच जोड-नमुने मुंबईत ठेवून फोर्टातल्या बराकीत पहिला संग्रह मांडला गेला. १८५७ला बराक लष्कराला हवी झाली, संग्रह बाहेर काढला गेला आणि त्याची नासधूस झाली. बर्डवुड आणि समितीने पुन्हा जुळवाजुळव केली ती त्यानंतर. म्हणून 'माल' या तुमच्या शब्दावर मी रागावले नाही. तो मालच होता. कोणाचा, कोणी बनवलेला, कुठे विकायला नेलेला, हे विचारायला मात्र आत जावं लागतं.

आणि आत जायच्याही आधी, तुम्ही हत्ती बघायला बागेत जायचात ना? म्युझियमच्या अंगणात एक दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यावरून. १८६४च्या सुमारास तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून टाकले, आणि १९१४ला जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ गेलं की सांधे दिसतात. मला मुंबईतल्या सगळ्या शिल्पांत हा सर्वांत प्रिय आहे. फुटला म्हणून आपल्याकडे राहिला.

आता मामाची दुसरी गोष्ट. त्या गॅलरीच्या जिन्यानंतर दोनेक वर्षांनी मी त्याला भायखळ्याला नेलं. सरळ सांगितलं, इथे कोणी काही विचारलं तर मी बोलेन. कोणी विचारलं नाही. वरच्या मजल्यावर कपाटांत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत: मुंबईतल्या आणि मुलखातल्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, पगड्या, धंदे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स या म्युझियमचेही क्युरेटर होते, त्यांच्या काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, यातल्या बऱ्याच घडवल्या गेल्या. माणूस वीत-दीड वीत उंचीचा, पण धोतराची चूण, अंगरख्याचा बंद, सगळं जागच्या जागी.

मामा एका बसलेल्या कारागिरासमोर थांबला. काचेला नाक लागेपर्यंत वाकला. मग उभं राहून त्याने स्वतः तसं बसल्यासारखं करून बघितलं, अर्धं, गुडघे साथ देतील तेवढं. आणि म्हणाला, "हात बरोबर आहे. बैठक खोटी आहे. असा बसला तर तासाभरात कंबर जाईल. याला कुणीतरी बघण्यासाठी बसवलाय."

मामाने एकोणतीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काढली. कामाच्या वेळी अंगाचा भार कुठे असतो, हे त्याला जसं कळतं तसं कुठल्याही क्युरेटरला कळणार नाही. तो जे बोलला ते मूर्तीच्या कपाटावर लिहायला हवं होतं. कारण त्या मूर्तींमध्ये फक्त मुंबईचे कारागीर नाहीत, त्यांच्याकडे बघणारा डोळाही आहे: नमुने जमवणारा, प्रत्येकाला एकेक पगडी आणि एकेक धंदा देऊन कपाटात बसवणारा. नाक्यावर उभं राहून मुंबई दिसते, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण शंभर वर्षांपूर्वी या माणसांकडे कोण कसं बघत होतं, ते नाक्यावर दिसत नाही. ते इथे दिसतं. आणि ते खोटं असेल तर 'खोटं आहे' म्हणायला मामासारखी, तुमच्या वडिलांसारखी माणसंच आत यायला हवीत. माझा लेख खरं तर हेच सांगायला हवा होता. त्यात नुसतीच ठिकाणांची नावं राहिली.

त्याच बागेत, म्युझियमजवळ, आणखी एक पुतळा आहे आणि तो तुम्ही नक्की बघितला असणार. घोड्यावर बसलेला राजपुत्र, पुढचा सातवा एडवर्ड. त्याच्या १८७५-७६च्या भेटीची आठवण म्हणून व्यापारी अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा मुंबईला दिला, १८७९ला तो फोर्टात बसला. लोकांनी वर बसलेल्याकडे ढुंकून पाहिलं नाही. घोड्याचा काळा रंग तेवढा घेतला आणि सगळ्या भागाचं नाव पाडलं काळा घोडा. १९६५ला पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत आणला. घोडा भायखळ्याला आला, नाव फोर्टातच राहिलं. २०१७ला तिथे नवा काळा घोडा उभा केला गेला, पाठीवर कोणीही नसलेला. ते नाव ठेवणारे कोण होते? टांगेवाले, हमाल, कारकून, रोज त्या रस्त्याने जाणारे. ससून घराण्याच्या तर पुढे मुंबईत गिरण्याही होत्या. तुम्ही म्हणता काळा घोडा पैसेवाल्यांचा. नाव तरी त्यांनी दिलेलं नाही.

आता महोत्सव. इथे मी थोडी मागे सरकते. काळा घोडा कला महोत्सव १९९९पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतो, नऊ दिवस. प्रवेश फुकट असतो, रस्ता गाड्यांना बंद होतो. शनिवार-रविवारी तिथे जाऊन मांडणशिल्पं नीट बघायची म्हणाल तर अशक्य. जो तो त्यांच्यापुढे उभा राहून फोटो काढत असतो, आणि स्टॉलवरच्या कानातल्यांच्या किमती बघून माझेही डोळे पांढरे होतात. पण मला तिथे कला बघायला जायचंच नसतं (हे लेखात लिहायला हवं होतं). मला तो रस्ता बघायचा असतो. एरवी जिथे वकील, बँकवाले आणि गाड्या असतात, तिथे विरार-कल्याणहून आलेली कुटुंबं डबे उघडून फुटपाथवर बसलेली असतात. त्यातली काही सहज म्हणून जहांगीर आर्ट गॅलरीत शिरतात, कारण ती शेजारीच आहे आणि तिथे तिकीट नाही. १९५२पासून ती तशीच आहे. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं लावून बसतात, आत प्रदर्शनासाठी लोक वर्षानुवर्षं तारखेची वाट बघतात, आणि दोघांच्या मध्ये मोजून काही पायऱ्या. त्या पायऱ्या चढायला कोणाला किती वर्षं लागतात, यात या शहराबद्दल पुष्कळ काही आहे.

महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३पासून भरणारा 'आर्ट मुंबई' मात्र सरळ विक्रीचा मेळा आहे. तिथे गॅलऱ्या आपापली दालनं मांडतात, गिऱ्हाईक येतं, सौदे होतात. तुमचं 'पैसेवाल्यांची जत्रा' हे त्याला लागू पडतं आणि मी ते खोडणार नाही. तरी जायला हवं असं मला वाटतं, एकदा तरी, कारण आज या शहरातला पैसा कशावर रीझतो ते तिथे उघड दिसतं.

आणि या सगळ्याला 'त्यांचं' म्हणण्याआधी चित्रकार के. एच. आरा यांचा विचार करा. लहानपणी घरातून पळून मुंबईला आले, मोटारी पुसल्या, घरगडी म्हणून राबले, आणि चित्रं काढत राहिले. १९४७ला सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढणाऱ्यांत ते होते. हुसेन त्याआधी सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत असत. आज ज्यांच्या चित्रांचे कोटींत सौदे होतात, ती माणसं याच शहरात, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या शेजारी जगलेली. गिरणगाव चित्रांत नाही म्हणालात, त्यावर एक नाव देते: सुधीर पटवर्धन. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, आणि आयुष्यभर लोकलमधली, पुलावरची, चाळींतली, कामावरून परतणारी माणसं रंगवली. २०१९च्या अखेरीस त्यांच्या आजवरच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झालं, म्हणजे १९११च्या जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये. मामाला तिथेही नेलं होतं. तिथे तो काहीच बोलला नाही. एका चित्रासमोरच्या बाकावर इतका वेळ बसून राहिला की मी वरचे दोन मजले बघून खाली आले, तरी तो तिथेच होता. काय बघत होतास, असं विचारलं तर म्हणाला, "ओळखीचं कोणी आहे का."

लेख मी पुन्हा लिहायला घेतला आहे. ठिकाणं कमी करणार आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयावर लेखात चार परिच्छेद होते, ते एक होतील. एवढंच ठेवीन की इमारत १९१४ला बांधून झाली, पण महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ झालं आणि म्युझियम म्हणून दार उघडलं ते १९२२ला. भायखळ्याला मात्र आधी होती त्यापेक्षा जास्त जागा देणार आहे.

आणि एक विनंती. वडील बरोबर असतील, त्यांना जिने चढवत असतील, तर बुधवार सोडून कधीही राणीच्या बागेत या. बुधवारी म्युझियम बंद असतं. मी मामाला घेऊन येते. तुमचे वडील कुठल्या खात्यात होते ते तुम्ही लिहिलं नाहीत. साच्यावर असतील तर त्या कारागिराच्या बैठकीबद्दल त्यांचं काय म्हणणं पडतं, ते मामाला ऐकायचं आहे. तो म्हणतो, माझं एकट्याचं धरू नका, आणखी कोणी साच्यावरचा असेल तर त्यालाही विचारा.