तीन बदामांचा अपमान

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ब्रिजच्या डावात तुमच्या उजव्या हाताला बसलेल्या गृहस्थांनी 'तीन बदाम'चं, म्हणजे बदाम हुकूम धरून नऊ हात करण्याच्या बोलीचं, कार्ड टेबलावर ठेवलं, ते तुम्हाला डिवचायलाच. त्यांच्याकडे बदामाची सात पानं आहेत, पॉइंट (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १) जेमतेम सहा-सात आहेत आणि एक किलवरपासून तीन चौकटपर्यंतच्या बारा बोली तुमच्या तोंडून काढून घ्याव्यात एवढाच त्यांचा हेतू आहे, असं ब्रिजचे शिक्षक सांगतात. शिक्षकांना काय जातंय? रविवारी मेगाब्लॉक असताना मुलुंडहून रखडत दादरला तुम्ही आलात, ते काय हिरवं 'पास'चं कार्ड काढायला?

अशा वाट अडवणाऱ्या उंच बोलीनंतर, म्हणजे प्रीएम्प्टनंतर, बोली लावणं म्हणजे लोकलमधली चौथी सीट. तिघं आधीच ऐसपैस बसलेत आणि तुमच्या वाट्याला टेकण्यापुरती कड आलीय. शहाणा माणूस तेवढ्यावर टेकतो, नाहीतर मुकाट्याने उभा राहतो. तुम्ही खिडकी मागा.

त्यासाठी आधी गणित सुधारून घ्या. डावात एकूण ४० पॉइंट. तुमच्याकडे १५, बदामवाल्यांकडे ७. उरले १८, ते उरलेल्या दोघांत वाटले तर भिडूकडे सरासरी ९. जुनेजाणते तर सावधपणे सात-आठच धरा म्हणतात. हे रडक्यांचं गणित झालं. तुम्ही भिडूकडे सरळ १४ धरा, आणि तेही नेमके तुम्हाला हवे तिथे. म्हणजे डावीकडच्या बाईंकडे उरतात फक्त ४. तुम्ही चार इस्पिक म्हटल्याबरोबर त्यांनी साबुदाणावड्याची बशी बाजूला सारली आणि चष्मा पुसायला घेतला, याचा पत्त्यांशी काही संबंध नाही.

आता हातात काय आहे ते बघू. समजा इस्पिकचे एक्का, राणी, छक्की, दुरी. बदामाची एकटी पंजी. चौकटचे राजा, गुलाम, सत्ती, चव्वी. किलवरचे राजा, राणी, अठ्ठी, तिरी. पंधरा पॉइंट, बदाम आखूड, बाकी तिन्ही रंगांत चार-चार पानं. शिकाऊ मुलगासुद्धा यावर डबल (समोरच्यांची बोली फसली तर दंड वाढवणारी बोली) देईल आणि रंग निवडायचं काम भिडूवर सोपवेल. हीच तर अडचण आहे. भिडूला निवडू दिलं की तो निवडतो! त्यापेक्षा तुम्हीच चार चौकट म्हणा. चार पानांच्या रंगावर चौथ्या पायरीला उडी घेणारा माणूस अख्ख्या जिमखान्यात दुसरा सापडणार नाही, आणि हातात इस्पिकची पाच पानं धरून तुमच्याकडे बघणाऱ्या भिडूचा चेहराही.

उलट प्रकारचा हात आला तर मात्र डबल द्याच. इस्पिकचे राजा-चव्वी, बदामाचे एक्का-गुलाम-नव्वी, चौकटचे एक्का-राजा-राणी आणि खाली दोन बारकी, किलवरची राणी आणि तिच्यामागे दोन. एकोणीस पॉइंट, बदाम अडवलेले, चौकट पळायला तयार. हा हात 'तीन नो ट्रम्प, तीन नो ट्रम्प' असं ओरडतोय, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात. पण तुमच्या मनात सूड आहे. हे तीन बदाम बुडवायचेच! तुम्ही डबलचं लाल कार्ड आपटता. भिडूच्या लेखी इतक्या खालच्या पायरीवरच्या डबलचा अर्थ 'रंग सांग' असाच होतो, आणि ठरवताना तुम्हीही त्याला मान डोलावली होती. म्हणून तो बिचारा चार इस्पिक म्हणतो. तुमच्याकडे इस्पिकची दोन पानं आहेत, ती तुम्ही डमी (पानं उघडी मांडून गप्प बसणारा) म्हणून पसरा आणि पसरताना 'मी तर पेनल्टी मारली होती' हे वाक्य शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणा.

बदामाचीच पाच तगडी पानं हाती आली तर? तेव्हा गप्प बसून पास म्हणायचं, फिरत फिरत बोली भिडूपर्यंत गेली आणि बदाम आखूड असल्याने त्याने डबल दिलं, की मग शांतपणे पुन्हा पास म्हणून तेच तीन बदाम डबलसकट खेळायला लावायचे. या युक्तीला इतका धीर लागतो की मुंबईकराने तिच्या वाटेलाच जाऊ नये.

पास म्हणावंच लागलं तर निदान त्यात जीव ओता. बदामवाल्यांनी उडी मारण्याआधी 'स्टॉप'चं कार्ड ठेवलंय, म्हणजे तुम्ही सुमारे दहा सेकंद थांबायचंच आहे, हात कसाही असो. हा नियम अशासाठी की तुमच्या थांबण्यातून भिडूला काही कळू नये. एवढी सोन्यासारखी संधी वाया घालवू नका. हात कमकुवत असेल तर दुसऱ्याच सेकंदाला पास टाका. तेरा पॉइंट असतील तर दहाचे तीस सेकंद करा, छताकडे बघा, बोली-पेटीतल्या डबलच्या कार्डाला बोट लावा, मागे घ्या, सुस्कारा सोडा आणि मग पास म्हणा. भिडू तुमचा असेल तर चौथ्या जागेवरून तो आठ पॉइंटांवर निधड्या छातीने डबल देईल. मग डावीकडच्या त्या बाई हात वर करून डायरेक्टरना, म्हणजे स्पर्धेच्या पंचांना, बोलावतील. ब्रिजच्या कायद्यातलं सोळावं कलम हेच सांगतं की भिडूच्या रेंगाळण्यातून मिळालेली माहिती वापरायची नाही. समोर दोन रास्त पर्याय असताना रेंगाळण्याने सुचवलेला निवडायचा नाही. तुम्ही म्हणा, 'मी चहावाल्याकडे बघत होतो.' डायरेक्टर निवृत्त बँक अधिकारी असतील तर त्यांनी याहून सरस सबबी ऐकलेल्या असतात, पण ऐकून घेतील.

बोर्डाच्या कडेला लाल रंग दिसला तर घाबरू नका. १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर हा व्हल्नरेबलचा, म्हणजे बुडाल्यास जास्त दंडाचा, प्रकार खेळात आणला, हा श्रीमंतांचा खेळ. डबल बसून चार हात कमी पडले तर लालमध्ये ११०० जातात. जाऊ देत. तीन बदाम तसेच सोडले असते तर ते दोन हात बुडून तुमच्या खात्यात शंभर आले असते, आणि शंभर रुपयांत हल्ली दादरला काय येतं?

हिशेब लागला आणि सगळ्यात खाली तुमची जोडी दिसली, की चर्चेचा सूर ठरलेला असावा. चूक बोलीची नाही, भिडूच्या पानांची. घरी विचारलं तर २०१८ च्या जकार्ता एशियाडचा दाखला द्या: प्रणव बर्धन साठ वर्षांचे, शिबनाथ सरकार छप्पन्नचे, आणि पुरुष जोडीत सुवर्णपदक. म्हणजे तुमच्यापुढे अजून भरपूर वर्षं आहेत. त्या दोघांचं आपसातलं काय ठरलेलं असायचं हे कोणी विचारत नाही.

तुमचंही ठरवून टाका, परतीच्या गाडीत उभ्या उभ्याच. भिडूला सांगा, 'काका, पुढच्या वेळेपासून लीपिंग मायकल्स.' समोरून तीन बदाम आले की आपले चार किलवर म्हणजे किलवर आणि इस्पिक, दोन्ही पाच-पाच पानांचे, आणि डाव गेमपर्यंत, म्हणजे बोनस मिळणाऱ्या बोलीपर्यंत, न्यायचाच. कुर्ला येईपर्यंत काका दोनदा 'कळलं कळलं' म्हणतील. लिहून घ्यायची गरज नाही.

पुढच्या रविवारी तीन बदाम येतील. तुम्ही मोठ्या ऐटीत चार किलवर ठेवाल, डावीकडच्या बाई पास म्हणतील आणि काका त्याहून झटकन पास म्हणतील. मग ते डमी म्हणून पानं मांडायला घेतील: किलवरचं एक, इस्पिकची राजासकट चार. 'छान बोललात हो,' म्हणतील, 'माझ्याकडे तर किलवर नव्हतेच.'