तिसरीत दिसते ते नववीत कळवणाऱ्या शाळा

नववीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की आपल्या शाळांना एकाएकी अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, हा विषय आठवतो. तोवर 'ढ', 'आळशी', 'धांदरट' किंवा 'घरी अभ्यास घेत नाहीत' अशा शेऱ्यांवर ज्याची बोळवण झालेली असते, त्या मुलाच्या पालकांना शाळेत बोलावले जाते आणि 'एकदा तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र मिळाले तर दहावीला लेखनिक मिळेल, जादा वेळ मिळेल' असे मोठ्या कळवळ्याने सांगितले जाते. हा कळवळा शाळेच्या दहावीच्या निकालासाठी दाटून आलेला असतो, हे न समजण्याइतके आम्ही पालक दूधखुळे नाही.

माझ्या मुलीच्या तिसरीतल्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. फळ्यावरून उतरवून घेतलेले पान इतके सुबक आहे की कोणीही कौतुक करावे. ती अक्षरे वाचत नव्हती, त्यांची चित्रे काढत होती. श्रुतलेखनाच्या पानावर मात्र 'घर'चे 'धर' झाले आहे, 'भात'चा 'मात' झाला आहे, काने-वेलांट्या गळाल्या आहेत आणि जोडाक्षरांची सुटी अक्षरे झाली आहेत. गणिताच्या वहीत 'बेचाळीस' ऐकून तिने २४ लिहिले आहेत. या सगळ्यावर लाल शाईत शेरे आहेत: 'लक्ष द्या', 'सराव करा', 'दहा वेळा लिहा'. दोन्ही पाने एकाच बाईंनी तपासली आणि दोन्हींखाली एकाच बाईंची सही आहे. जे मूल पाहून बिनचूक लिहिते आणि ऐकून एक ओळही धड लिहू शकत नाही, त्याच्याकडे शिकवणाऱ्या माणसाने निदान एकदा थांबून पाहायला नको का?

बरे, कायदा नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य ते उपाय करावेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि कलम १७ मध्ये शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर मुलांची प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनीच करावी आणि त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, इतके तपशीलवार सांगितले होते. २०२२ मध्ये एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाचे मोबाईल ॲपही आणले, ज्यात वर्गशिक्षकाने मुलाविषयीची प्रश्नावली भरायची असते. मी आमच्या शाळेत या समितीविषयी विचारले तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी शाळेतल्या तरणतलावाची चौकशी करत आहे.

शिक्षकांवर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सरकारची सारी ओझी आहेत, हे मला मान्य आहे. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी राहिले आणि एकेकाच्या वाट्याला कितीतरी शाळा येतात, हेही मान्य आहे. पण ज्या मुलाचा वर्गाला त्रास होतो, त्याच्या पालकांना चिठ्ठी पाठवायला याच शिक्षकांना वेळ कसा मिळतो? दंगा करणारा मुलगा दुसरीतच समुपदेशकाकडे धाडला जातो, आणि मागच्या बाकावर गप्प बसून शेजारणीचे उतरवून काढणारी मुलगी वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते, कारण तिच्यामुळे कोणाचे काहीच अडत नाही. उलट टोकही तितकेच संतापजनक आहे. घरी भिलोरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी समजली नाही, तर त्याच्यावर 'मंद' असा शिक्का मारायला कोणाला तपासणीची गरज वाटत नाही. काही खासगी शाळा तर मुलासोबत स्वखर्चाने मदतनीस ठेवा, नाहीतर दाखला न्या, असे तोंडावर सांगतात.

नववीत हे सारे सुरू झाले की पालकांची जी फरफट होते, ती शाळेच्या गावीही नसते. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग बुद्ध्यंक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी, आणि हे सारे एकत्र होणारी सरकारी किंवा पालिकेची रुग्णालये मोजकी, तीही मोठ्या शहरांत. मधल्या काळात सराव परीक्षा, क्लास आणि घरातले रोजचे रडणे चालूच असते. शिवाय प्रमाणपत्राने मिळते ती परीक्षेतली सवलत. आठव्या वर्षी नेमक्या पद्धतीने शिकवले असते तर जे वाचन आले असते, ते चौदाव्या वर्षी लेखनिक देऊन येत नाही. आणि सहा वर्षे 'मी मठ्ठ आहे' असे ऐकत वाढलेल्या मुलीला आता 'तू हुशार आहेस, फक्त तुझा मेंदू वेगळ्या रीतीने वाचतो' असे सांगितले, तर ती आपल्यावर विश्वास का ठेवील?

सर्वांवर कडी म्हणजे शाळेने रुग्णालयासाठी दिलेले पत्र. त्यात 'सदर विद्यार्थिनीस लहानपणापासून वाचन-लेखनात अडचणी असून पालकांनी याकडे वेळीच लक्ष दिलेले नाही' असे वाक्य आहे, आणि खाली शिक्का मारून सही आहे. म्हणजे लहानपणापासून अडचणी होत्या हे शाळेला ठाऊक होते! मग तिसरी ते आठवीच्या प्रगतिपुस्तकांत ही बाब एकदाही का नोंदवली नाही आणि समितीच्या बैठका कधी झाल्या, हे मी लेखी विचारले. 'अशी नोंदवही ठेवण्याची पद्धत नाही' असे तोंडी उत्तर मिळाले. शाळा अनुदानित असल्याने तोच प्रश्न आता मी माहितीच्या अधिकारात विचारला आहे, आणि ते पत्र मागे घेऊन दुरुस्त पत्र दिल्याखेरीज मी गप्प बसणार नाही.