‘बी.कॉम. सोडा, टॅली करा’: त्या फॉरवर्डला एका मामाचं उत्तर

रविवारी सकाळी धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. "दादा, हा म्हणतोय कॉलेज सोडतो. एक वर्ष झालंय, सर्टिफिकेट मिळेल तेवढं बस झालं, आता क्लास लावतो म्हणे." हे खूळ कुणी भरवलं म्हणून विचारलं, तर घरच्याच ग्रूपवर आलेला मेसेज. तो मलाही आला होता, तीन वेगवेगळ्या ग्रूपवर. वर ठसठशीत मथळा: ‘एका अनुभवी सीएने सांगितलेलं कटू सत्य’. सीएचं नाव मात्र कुठेच नाही. मी वाचून सोडून दिला होता, ती माझी चूक. भाच्याने सोडून दिला नाही.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. बी.कॉम.ला तीन वर्षं जे शिकवतात ते टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या ९० दिवसांच्या कोर्समध्ये येतं. इकॉनॉमिक्स, कायदा, स्टॅटिस्टिक्स हे वेळ भरायला टाकलेले विषय. अभ्यासक्रम इंग्रजांच्या काळातला. सीए व्हायला बी.कॉम. लागत नाही. एआय आल्यावर अकाउंटंट संपणारच आहेत. आणि शेवटी, अर्थातच, एका क्लासचा नंबर: फी ३५,०००, शंभर टक्के जॉब गॅरंटी.

मी सीए नाही. इचलकरंजीत बावीस वर्षं यंत्रमागवाल्यांची आणि सूतव्यापाऱ्यांची खाती लिहितो, जीएसटीची रिटर्न भरतो. दिवसभर समोर टॅलीच उघडी असते, तेव्हा टॅलीशी माझं काही वैर नाही.

आधी साधा गुणाकार करू. ९० दिवसांतले रविवार वगळले तर ७७ दिवस उरतात. रोज दीड तासाची बॅच धरली तर झाले साधारण ११५ तास. नव्या शैक्षणिक धोरणात एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. म्हणजे १,८०० तास. ११५ तासांत आठ क्रेडिटसुद्धा पुरी होत नाहीत. यातले निम्मे तास कॉलेजात वाया जातात असं कुणी म्हणेल. धरा निम्मे, तरी ९०० उरले.

पण तास मोजून काही होत नाही, म्हणून एक खरी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कारखानदाराने असाच ९० दिवसवाला मुलगा ठेवला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. की-बोर्डवर हात असा चालायचा की बघत राहावं. डिसेंबरात मालकाने १२ लाखांचे दोन सेकंडहँड माग घेतले. मुलाने ते ‘खरेदी’ खात्याला टाकले. बरोबरच आहे की, खरेदी केली, बिल आलं, खरेदीला टाकलं! मार्च संपल्यावर सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, रिन्यू करायला बँकेला ऑडिटआधीचे प्रोव्हिजनल आकडे गेले. एरवी १४ लाखांच्या घरात दिसायचा तो नफा कागदावर दोन लाख. बँकेतल्या साहेबांनी मालकाला विचारलं, "शेठ, धंदा बसला की काय?" मालक घाम पुसत माझ्याकडे आले.

माग ही विकायला आणलेली वस्तू नाही, ती वर्षानुवर्षं चालणारी मालमत्ता. तो भांडवली खर्च. नफ्यातून जायचा तो फक्त घसारा, म्हणजे यंत्राची त्या वर्षाची झीज. यंत्राला आयकरात दर १५ टक्के, आणि त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर निम्मा, म्हणजे साडेसात. १२ लाखांवर झाले ९०,०००. नफा दोन लाख नव्हता, १३ लाख १० हजार होता. एका नोंदीने ११ लाखांचा फरक.

मुलाला विचारलं तर म्हणाला, "सर, ट्रायल बॅलन्स टॅली होतोय." होतच होता! कारण दोन्ही बाजू नीट पडल्या होत्या, फक्त चुकीच्या खात्यावर. तेरीजपत्रक, म्हणजे हाच ट्रायल बॅलन्स, जुळलं तरी तत्त्वाची चूक त्यात दिसत नाही, हे अकरावी-बारावीत आणि पुन्हा एफ.वाय.ला घोकून घेतात. पोरं ती ओळ पाठ करतात, तीन मार्क घेतात आणि विसरतात. पण निदान कुणीतरी एकदा सांगितलेलं असतं, कधीतरी ऐन वेळी आठवतं. त्या मुलाला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच फाइलमध्ये आणखी एक सापडलं. मालकांनी घरच्यासाठी म्हणून गाडी घेतलेली, बिल फर्मच्या नावावर. मुलाने गाडीवरचा सव्वादोन लाखांचा जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या करातून वजा करायला, घेतला आणि पुढच्या महिन्यात वापरूनही टाकला. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंतच्या गाडीचं क्रेडिट बंद आहे, गाड्या विकण्याचा किंवा प्रवासी वाहतुकीचा धंदा असल्यासारखे अपवाद सोडले तर. मागवाल्याला ते मिळत नाही. सॉफ्टवेअरने काही हरकत घेतली का? छे. सांगाल ते लिहून घेतं ते. क्रेडिट परत, वर १८ टक्क्यांनी व्याज. मालकांना त्या मुलाच्या सहा महिन्यांच्या पगाराहून जास्त भुर्दंड बसला, आणि मुलाची नोकरी गेली ती वेगळीच. मेसेज लिहिणाऱ्याचं काय गेलं?

आता ते ‘वेळ भरायला टाकलेले’ विषय. इचलकरंजीत अर्धा बाजार उधारीवर चालतो आणि उधारीच्या पाठीशी असतो चेक. चेक परत आला की बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. १८८१ च्या चेक-हुंड्यांच्या कायद्यातलं कलम १३८. बी.कॉम.च्या कायद्याच्या पेपरात हे असतं आणि तिथे सगळ्यांना झोप येते, मलाही यायची. पण नोटिशीची तारीख हुकली म्हणून डोक्याला हात लावून बसलेले व्यापारी मी पाहिलेत. तसंच कॉस्टिंग, म्हणजे मालाला पडलेला खर्च काढणं. सुतापासून कापड होईपर्यंत ठरलेली घट येणारच, ती भावात धरायची. त्यापलीकडे घट (ॲबनॉर्मल लॉस) आली तर ती भावात ढकलायची नाही, वेगळी काढून बघायची की माल कुठे गेला. पुस्तकात याला प्रोसेस ए, प्रोसेस बी म्हणतात आणि पोरं गणित म्हणून सोडवतात. खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा यंत्रमागधारक, पिकामागे (पिक म्हणजे कापडातला आडवा धागा) पैशांत मजुरी ठरवताना हेच करतो, फक्त त्याला चुकल्यावर मार्क कापले जात नाहीत, घरचा गॅस उधारीवर येतो. इकॉनॉमिक्सबद्दल माझंही फार चांगलं मत नाही, ते सोडून देतो.

‘इंग्रजांच्या काळातला अभ्यासक्रम’ हे वाचून हसू आलं. करार कायदा १८७२ चा आहे, हो, इंग्रजांचाच, आणि आजही लागू आहे. मग काय, शिकवायचा नाही? प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची दुनोंदी पद्धत तर इंग्रजांच्याही आधीची, इटलीतल्या लुका पाचोलीने ती १४९४ सालीच छापून ठेवली. उलट करांचा भाग इतका बदलतो की शिक्षकांची दमछाक होते. २०१३ चा कंपनी कायदा, २०१७ चा जीएसटी, आणि १९६१ चा आयकर कायदा जाऊन त्याजागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा. एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे. यातलं इंग्रजांच्या काळातलं नक्की काय?

सीएचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे, मान्य करतो. बारावीनंतर फाउंडेशन देऊन थेट सीएच्या वाटेला लागता येतं, बी.कॉम.ची अट नाही. पण त्या वाटेवर किती जण अडकतात हे ज्याच्या घरात सीए करणारं पोर आहे त्याला विचारा. पाच-सहा वर्षं झाल्यावर हातात काहीच नाही, अशी वेळ आली तर पदवीच उपयोगी पडते. शिवाय बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. माझे ४९ होते, म्हणून मला ते दार नव्हतं.

पण माझ्यासाठी दुसरं दार होतं, आणि मेसेजवाल्याने नेमकं तेच दडवलंय. सीजीएसटी नियम २०१७, नियम ८३. जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे दुसऱ्यांची जीएसटी रिटर्न अधिकृतपणे भरणारा, म्हणून नोंदणी कुणाला मिळते ते तिथे लिहिलंय. कॉमर्स, कायदा, उच्च ऑडिटिंगसह बँकिंग, किंवा व्यवसाय प्रशासन अथवा व्यवस्थापन यांतली पदवी. नाहीतर सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांची अंतिम परीक्षा. नाहीतर विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेला राजपत्रित अधिकारी, किंवा पूर्वी पाच वर्षं विक्रीकराचं काम केलेला नोंदणीकृत माणूस. ही यादी उलटीपालटी करून वाचा, ९० दिवसांचा कोर्स सापडणार नाही. एक वर्ष करून मिळणारं सर्टिफिकेटही नाही. मालकाच्या लॉगिनने त्याच्या पगारावर बसून कुणीही रिटर्न भरतो, ते खरं. पण उद्या स्वतःची पाटी लावायची तर ४९ टक्क्यांची का होईना, पदवी लागते. बँकेच्या पीओच्या (प्रोबेशनरी ऑफिसर) किंवा राज्यसेवेच्या फॉर्मलाही हीच कथा.

एआयबद्दल एवढंच विचारतो: एकाच मेसेजमध्ये ‘अकाउंटंट संपणार’ आणि ‘आमच्याकडे ३५,००० भरून अकाउंटंट व्हा’ हे दोन्ही कसं काय? बिल वाचून नोंद टाकणं मशीन शिकतंच आहे. म्हणजे पहिली गदा येणार ती नुसती नोंद टाकणाऱ्यावर.

राहता राहिली जॉब गॅरंटी. मी त्या नंबरवर फोन केला, नाव न सांगता. गॅरंटी लेखी देता का विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, गॅरंटी म्हणजे प्लेसमेंट असिस्टन्स." असिस्टन्स म्हणजे काय? तर बायोडेटा बनवून देतात.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला कबूल करावीच लागेल. कॉलेजात शिकवतात ते बऱ्याच ठिकाणी रद्दड शिकवतात. सर येतात, नोट्स सांगतात, पोरं उतरवतात, परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्न वाचतात. मी तीन वर्षं खरेदी पुस्तकाची गणितं सोडवली आणि एकदाही खरं बिल हातात धरलं नाही. पहिल्या नोकरीत मालकांनी सी-फॉर्म, म्हणजे परराज्यातल्या खरेदीचा विक्रीकराचा जुना फॉर्म, मागितला तर तो कपाटात असतो की दुकानात मिळतो हेही ठाऊक नव्हतं. आता चार क्रेडिटची ऑन-जॉब ट्रेनिंग आली आहे, पण त्याची पत्रं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून टॅली शिकायलाच हवी, सुट्टीत शीक, संध्याकाळी शीक. पण ती बी.कॉम.च्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

हे सगळं मी भाच्याला एवढं लांबलचक सांगितलं नाही. त्या मागांची फाइल काढली, नावं झाकून दोन पानांचे फोटो पाठवले आणि लिहिलं: यात चूक कुठे आहे, शोध. दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी उत्तर आलं, "मामा, माग खरेदीला टाकलेत." पाच मिनिटांनी आणखी एक: "बुधवारी कॉस्टिंगची इंटर्नल आहे. ॲबनॉर्मल लॉस कुठल्या खात्याला जातो?"

कॉस्टिंग पी अँड एलला, म्हणजे कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला. आणि रात्री नऊनंतर फोन कर, आज रिटर्नची तारीख आहे.